कोमट पाण्याचा नळ

मित्रांनो, माझं वय आठ वर्षं. नळाच्या मानाने हे काही म्हातारपण नाही. माझ्या वयाचे कितीतरी नळ आज इंदिरानगरच्या फ्लॅटांमध्ये मजेत वाहत असतील. मी मात्र बंद पडलो आहे.

नाशिकला वडाळ्याच्या बाजूला, एका कब्रस्तानाच्या कुंपणाला लागून एक लहानशी खोली आहे. तिच्या भिंतीवर, पांढऱ्या टाइल्सच्या मधोमध मी बसवलेला आहे. या खोलीत मुसलमान वस्तीतल्या मरण पावलेल्या बायकांना आणि मुलींना शेवटची आंघोळ घालतात. त्या आंघोळीला गुस्ल म्हणतात. घाबरू नका. इथे घाबरण्यासारखं काही नाही. दिवसा खिडकीतून ऊन येतं, बाहेर कडुलिंबावर खारी पळत असतात, आणि आत बायका अगदी हळू आवाजात बोलतात.

तुमच्या घरच्या नळाला गरम-गार काही कळत नाही. पाइपातून येईल ते तो बाहेर सोडतो. मला कळतं. माझ्या पोटात बोटाच्या पेराएवढी एक तांब्याची कुपी आहे आणि तिच्यात मेण भरलेलं आहे. पाणी तापलं की मेण फुगतं, एका दांडीला ढकलतं आणि गरम पाण्याची वाट अरुंद करतं. पाणी निवलं की मेण आक्रसतं आणि वाट पुन्हा मोकळी होते. त्यामुळे माझ्यातून येणारं पाणी कायम सारखंच असायचं, अडतीस अंश. तान्ह्या बाळाला घालावं तसं कोमट. कारखान्यात माझ्यासारख्याला थर्मोस्टॅटिक मिक्सर म्हणतात. नूरबानोखाला मला 'फलकचा नळ' म्हणायच्या.

या नूरबानोखाला आणि ही फलक, या दोघींबद्दलच मला तुम्हाला सांगायचं आहे.

खाला म्हणजे मावशी. नूरबानोखाला मूळच्या कळवणकडच्या. लग्न होऊन नाशिकला आल्या, तरी त्यांच्या बोलण्यातलं 'हाय' आणि 'नाय' कधी गेलं नाही. नवरा लवकर गेला. एकुलती एक मुलगी, फलक. खाला शिवणकाम करायच्या, आणि वस्तीत कुणी बाई गेली की गुस्ल द्यायला जायच्या. हे काम त्यांनी तीस वर्षं केलं, आणि त्याचा मोबदला कधी घेतला नाही. मय्यतीच्या अंगावर चादर धरून, उजव्या बाजूने सुरुवात करून, तीनदा पाणी घालायचं. पाण्यात बोरीचा पाला, शेवटच्या पाण्यात कापूर. त्या पाणी असं घालायच्या की जणू झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये.

पण खालांना साखरेचा आजार होता. त्या आजाराने हळूहळू बोटांतली जाणीव जाते. आधी सुई टोचलेली कळेना. मग तवा कळेना. खालांनी हे कुणाला सांगितलं नाही.

माझा जन्म झाला नव्हता तेव्हाची ही गोष्ट. मे महिना होता. एका विशीतल्या मुलीला इथे आणलं होतं. छतावरच्या सोलरचं पाणी उन्हाने कढत झालेलं. खालांनी नेहमीसारखं बादलीत गरम पाणी घेतलं, त्यात थंड ओतलं आणि हात बुडवून पाहिला. त्यांना ते कोमट वाटलं. त्यांनी पहिला लोटा मुलीच्या उजव्या खांद्यावर रिकामा केला. चादर धरून उभ्या असलेल्या तिच्या आईच्या हातावर शिंतोडे उडाले आणि ती किंचाळली.

"खाला! पाणी भाजतंय!"

खालांनी पुन्हा बादलीत हात घातला, मनगटापर्यंत. तरी बोटांना काही कळेना.

"ती आता 'आई गं' म्हणू शकत नाही, म्हणून असं?" ती आई रडत म्हणाली. "मेल्यावर तरी नीट हात लावा तिला."

त्या दिवशी घरी जाऊन खालांनी गुस्लाचा लोटा माळ्यावर टाकला. फलकने खूप विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "ज्या हाताला गरम-गार कळंना, त्या हातानं मय्यतीला शिवायचं नाय."

दुसऱ्या बाया गुस्ल द्यायला जाऊ लागल्या. खाला दारात बसून राहायच्या. जेवण कमी झालं. मशीनवर अर्धे शिवलेले कपडे तसेच पडून राहू लागले.

फलक तेव्हा चोवीस वर्षांची होती. अंबडच्या एका नळांच्या कारखान्यात ती कॉम्प्युटरवर नळांची चित्रं काढायची. बेसिनचे, किचनचे, शॉवरचे. चित्र पक्कं झालं की गोरक्षकाका लेथवर त्याचं पितळ उतरवायचे. ते निवृत्तीला आलेले टर्नर होते, दिंडोरीहून रोज बसने यायचे. फलकने साहेबांना विचारलं, "सर, एक नळ मला वेगळा करायचा आहे. आमच्या गुस्लच्या खोलीसाठी."

साहेब हसले. "अगं, आपल्याकडे जिवंत माणसं बादलीने आंघोळ करतात. मेलेल्याला कसला थर्मोस्टॅट?" पण माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत कर. मशीन मोकळं असेल तेव्हा."

अशा रीतीने, मित्रांनो, मी जेवणाच्या सुट्टीत जन्मलो.

फलक डबा खात खात माझी चित्रं काढायची. तिला नळ साधा नको होता. बाजारातल्या अशा नळाला एक लाल बटण असतं, ते दाबलं की अडतीसच्या पुढेही जाता येतं. तिने ते बटणच काढून टाकलं. माझी मूठ अडतीसवर संपते, पुढे फिरतच नाही. बोटांना जाणीव नाही म्हणून तिने मुठीला लांब दांडा दिला, तो मनगटाने ढकलता येतो. आणि मूठ जागेवर आली की 'टक्' असा आवाज होतो, म्हणजे हाताला कळलं नाही तरी कानाला कळावं. माझ्या तोंडाला मऊ पाइप आणि रुंद भोकांचा शॉवर लावला, पाणी टोचू नये म्हणून.

गोरक्षकाकांनी एकदा विचारलं, "पोरी, मेलेल्या माणसाला काय कळतंय गं गरम आन् गार?"

"त्याला नाही कळत, काका," फलक म्हणाली. "म्हणून तर पाण्याला कळायला पाहिजे."

त्यानंतर काकांनीही डबा लेथजवळच उघडायला सुरुवात केली.

सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच होती. समजा थंड पाणी अचानक गेलं, तर? टाकी संपली, वाहिनी बंद झाली, तर नुसतं कढत पाणी मय्यतीच्या अंगावर जाईल. अशा वेळी मी आपण होऊन मिटलं पाहिजे. पहिल्या चाचणीत फलकने थंड पाणी तोडलं, आणि चार सेकंद माझ्यातून वाफाळतं पाणी येत राहिलं. तिने डावं मनगट खाली धरलं होतं. लालभडक झालं.

"अगं, समोर तापमापी लावलीय ना?" काका ओरडले. "हात कशाला घालतीस?"

"आकडा भाजत नाही, काका."

मग तिने मेणाची कुपी अर्ध्या आकाराची केली. लहान कुपी लवकर तापते. स्प्रिंग बदलली. पुन्हा चाचणी, पुन्हा मनगट. असे माझे सहा देह वितळवणीत गेले. सातवा मी. अकराव्या आठवड्यात थंड पाणी तोडल्यावर तिने 'एक' म्हटलं, आणि 'दोन' म्हणायच्या आत मी मिटलो होतो. फलकने ओल्या हातांनी मला धरलं आणि कपाळाला लावलं. काकांनी चष्मा काढून पुसला. तो दिवस मी विसरणार नाही.

मला भिंतीत बसवलं, पण खाला खोलीत यायला तयार नव्हत्या. शेवटी एका रविवारी फलकने त्यांना हाताला धरून आणलं. स्वतः कपड्यांसकट स्टुलावर बसली.

"आधी मला न्हाऊ घाल, अम्मी."

"ही काय जागा हाय तुला न्हाऊ घालायची?"

"जागा पाण्याची आहे. घाल ना."

खालांनी मनगटाने दांडा ढकलला. 'टक्' वाजलं. मी वाहू लागलो. त्यांनी भीत भीत शॉवर तिच्या पायाच्या अंगठ्यावर धरला, मग घोट्यावर, मग हळूच डोक्यावर. फलक डोळे मिटून हसत होती. "किती छान आहे, अम्मी. लहानपणी घालायचीस तसं."

खाला तिचे केस चोळत राहिल्या. किती वेळ तरी. पुढच्या आठवड्यापासून त्या पुन्हा गुस्ल द्यायला लागल्या.

ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली चांगली वर्षं. म्हाताऱ्या आल्या, बाळंतपणात गेलेल्या आल्या, एक सात वर्षांची मुलगी आली. खाला पाणी घालायच्या आणि शेजारची खुशनुमा चादर धरायची. खुशनुमा चाळिशीची विधवा, खालांकडून हे काम शिकत होती. माझ्यातून एकदाही चुकीचं पाणी गेलं नाही. एके दिवशी, ज्या मुलीच्या अंगावर कढत पाणी पडलं होतं, तिची आई आली. नुसतीच आली, कुणाबरोबर नाही. तिने दांडा ढकलला, माझ्याखाली हात धरला, आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग खालांचे दोन्ही हात स्वतःच्या ओल्या हातांत घेतले.

दर सहा महिन्यांनी फलक पाना घेऊन यायची. इथलं पाणी बोअरचं, त्यात खार फार. तो खार आत साचतो. ती मला उघडायची, सगळे भाग साफ करायची, पुन्हा जोडायची. काम करता करता माझ्याशी बोलायची. "काय रे, पोटात दगड झाले का?" म्हणायची. ऑगस्टमध्ये ती आली तेव्हा तिचं लग्न ठरलं होतं. हातात पाना आणि बोटात नवी अंगठी. अंगठी काढून खिडकीत ठेवली, मला धुतलं, अंगठी घातली आणि गेली.

सप्टेंबरमध्ये तिला डेंग्यू झाला. दोन दिवस ती ताप अंगावर काढून कारखान्यात गेली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. पाचव्या दिवशी सकाळी ती गेली.

मला हे काही माहीत नव्हतं. नळाला कोण सांगणार? अकराच्या सुमाराला दार उघडलं, बायकांची गर्दी आत आली. आंघोळीच्या लाकडी तख्तावर कुणाला तरी ठेवलं. खाला आल्या आणि मी नेहमीसारखा त्यांच्या हाताची वाट पाहत राहिलो. मग चादरीच्या कडेने एक डावं मनगट बाहेर आलं. त्या मनगटावरचा डाग मी ओळखत होतो. तो माझ्यामुळेच पडला होता.

बायका म्हणाल्या, "खाला, तुम्ही बसा. आम्ही करतो."

"नाय," खाला म्हणाल्या. "तिला माझ्याच हातची सवय हाय."

त्यांनी दांडा ढकलला. मी वाहू लागलो. मित्रांनो, मी पितळेचा आहे, मला हृदय नाही. पण त्या दिवशी माझ्यातलं मेण एकेका थेंबाला जागं होतं. उजवा खांदा, उजवा हात, उजवा पाय. मग डावी बाजू. पहिली आंघोळ झाली. दुसरी सुरू झाली, आणि अर्ध्यात छतावरची थंड पाण्याची टाकी संपली. माणसं जास्त जमली होती, सगळ्यांनी नमाजाआधी हातपाय धुऊन वजू केली होती. सोलरच्या टाकीत मात्र कढत पाणी भरलेलं होतं. ते जोरात माझ्याकडे आलं.

मी मिटलो. एक म्हणायच्या आत.

"पाणी गेलं!" खुशनुमा घाबरून म्हणाली. "खाला, मी सोलरचं बादलीत घेऊ का?"

"नको." खालांनी शॉवर खाली ठेवला. "पाणी गेलं नाय. तिनं बंद केलंय. आईनं भाजू नये म्हणून बंद केलंय."

कुणीतरी मोटर लावायला पळालं. टाकी भरायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं खाला तख्ताजवळ खाली बसल्या होत्या. फलकचे दोन्ही पाय त्यांनी मांडीवर घेतले होते आणि आपल्या बधिर हातांनी ते चोळत होत्या. खोलीत एकही बाई रडत नव्हती. मग थंड पाणी आलं, आणि मी पुन्हा वाहू लागलो, अडतीस अंश.

त्यानंतर जे झालं ते सांगायला मला जास्त जड जातं, कारण त्यात कुणाच्याच मनात वाईट नव्हतं.

फेब्रुवारी आला. मला साफ करायची वेळ झाली होती. खुशनुमाने प्लंबर बोलावला. त्याने पाना लावला, तोच खाला धावत आल्या.

"हात लावू नको त्याला!"

"खाला, आत खार धरलाय, साफ नको करायला?"

"आत शेवटचा हात तिचा लागलाय," खाला म्हणाल्या. "तिनं बसवलं तसंच राहू दे. खोलायचं नाय."

प्लंबर पाना घेऊन निघून गेला.

मला ओरडून सांगावंसं वाटलं, खाला, उघडू द्या. पण नळाला पाण्याशिवाय दुसरी भाषा नसते.

पुढे करोना आला. या खोलीला महिनोन्‌महिने कुलूप लागलं. माझ्या पोटात पाणी साचून राहिलं आणि त्याचा खार दगडासारखा घट्ट बसला. कुलूप निघालं तेव्हा मेणाची कुपी जेमतेम हलत होती. तरी मी काम करायचो, अडखळत, उशिराने. खाला दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, यायच्या आणि मऊ फडक्याने मला पुसायच्या. दांडा, मूठ, शॉवर, सगळं लख्ख. बाहेरून मी आरशासारखा चमकत होतो. त्यांचा चेहरा माझ्यात दिसायचा, आणि आत मी दगड होत होतो.

खुशनुमाने पुन्हा दोनदा विषय काढला. दुसऱ्या वेळी खालांनी फडकं उचललं आणि मला पुसायला घेतलं. खुशनुमाने मग पुन्हा विचारलं नाही.

एका थंडीत मी अडकलो तो कायमचा. मूठ फिरेना. माझ्यातून फक्त गार पाणी यायचं, तेही चमचाभर. खुशनुमाने कोपऱ्यातली बादली पुन्हा काढली. तेव्हापासून पाणी तिने मिसळायचं आणि खालांनी बाजूच्या स्टुलावर बसून दुवा म्हणायची, असं सुरू झालं. खालांचे डोळेही आता गेले होते. तरी त्या भिंत चाचपत माझ्यापर्यंत यायच्या आणि फडकं फिरवायच्या.

या जानेवारीत खाला गेल्या.

त्यांना इथेच आणलं. खुशनुमाने बादलीत पाणी घेतलं. मनगट बुडवून पाहिलं, थोडं थंड ओतलं, पुन्हा पाहिलं, मग गालाला लावून पाहिलं. मी त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर होतो. लोटा बादलीत बुडायचा, वर यायचा, रिता व्हायचा. मी बघत राहिलो.

मागच्या महिन्यात गोरक्षकाका आले. फार वाकले आहेत. नातवाने गाडीवरून आणलं म्हणाले. खालांची बातमी त्यांना उशिरा कळली होती. त्यांनी मला पाहिलं, पाना मागून घेतला आणि मला उघडलं. खुशनुमा दाराशी उभी होती.

"खाला उघडू देत नव्हत्या," ती म्हणाली. "म्हणायच्या, आत फलकचा हात आहे."

काकांनी कुपी बाहेर काढली. पांढऱ्या खाराखाली ती दिसतही नव्हती. दाबून दाबून तिला चीर गेली होती. "दगड झालाय आत," ते म्हणाले. ती कुपी कुठे मिळत नाही. त्या आकाराची एकच केली होती. चित्रं फलकच्या कॉम्प्युटरवर होती, आणि तो कॉम्प्युटर कारखान्याने कधीच मोडीत काढला.

काकांनी कुपी तळहातावर घेऊन तिच्यावरचा खार नखाने खरवडला. मग म्हणाले, "व्हिनेगर, जुना ब्रश आन् अर्धा तास. एवढंच लागत होतं, पोरी."

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणा गेलेल्या माणसाची एखादी वस्तू असेल. मामाची सायकल असेल, आत्याचं शिवणयंत्र असेल. ती जपायची म्हणून नुसती पुसून ठेवू नका. ती उघडा, तिला तेल घाला, घाण काढा, वापरा. तुमच्या हाताने तिच्यातला त्यांचा हात पुसला जात नाही. ज्यांनी ती केली, त्यांनी ती चालण्यासाठीच केली होती. आणि ज्याला बोलता येत नाही त्याला पाणी घालाल, तान्हं बाळ असो, आजारी माणूस असो, तेव्हा आधी स्वतःच्या अंगावर घेऊन पाहा.

खालांच्या अंगावर पडलेलं पाणी कोमट होतं, हे मला ठाऊक आहे. खुशनुमाने चूक केली नाही. पण फलकने मला तिच्या अम्मीसाठी केलं होतं, आणि अम्मीची वेळ आली तेव्हा मी तिला एक लोटाही पाणी देऊ शकलो नाही.